दोघांनाही 26

हायस्कूलच्या पहिल्या वर्गात येणारी मुलं निरनिराळ्या शाळांतून आलेली असतात. कुणाचं इंग्रजी पक्कं, कुणाचं पाठांतरावर चाललेलं, कुणाचं कसं आहे ते त्यालाही माहीत नसलेलं. म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच एक चाचणी घ्यायची, आणि तिच्यात ऐकून किती कळतं नि वाचून किती कळतं एवढंच बघायचं, असं आम्ही इंग्रजी शिकवणाऱ्या तिघींनी ठरवलं. व्याकरण, निबंध, बोलणं, सगळं बाजूला. पेपर काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण बैठकीला मीच उशिरा पोचले होते.

वीस वर्षं पेपर काढतेय, दोन संध्याकाळींत उरकेल असं मी सांगून बसले. दीड महिना लागला. त्यातला बराचसा वेळ आधी केलेलं खोडण्यात गेला.

पहिला कच्चा पेपर नेहमीच्या वळणाचा होता. 220 शब्दांचा एक उतारा, खाली सहा प्रश्न, 'पूर्ण वाक्यात उत्तरे लिहा'. एका तुकडीतल्या 38 मुलांकडून तो सोडवून घेतला. निकाल झकास लागला. इतका झकास की तेव्हाच शंका यायला हवी होती. पण मी खूश झाले. शंका आली ती वेगळ्याच कारणाने. उताऱ्यातला जो शब्द अजिबात माहीत नसेल त्याच्याखाली रेघ मारा, असं मी मुलांना सांगितलं होतं. एका मुलाने 31 शब्दांखाली रेघा मारल्या होत्या, आणि सहापैकी पाच उत्तरं बरोबर!

हू आणि नेशन या अभ्यासकांनी 2000 साली मांडलेला एक आकडा आमच्या क्षेत्रात नेहमी सांगितला जातो. कुणाच्या मदतीशिवाय मजकूर नीट कळायचा तर त्यातले साधारण 98 टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात. म्हणजे 220 शब्दांत चार-पाच अनोळखी शब्द खपून जातात. या मुलाला दर सातवा शब्द अनोळखी होता.

मधल्या सुट्टीत त्याला बोलावलं आणि विचारलं, "हे उत्तर कसं शोधलंस, दाखव बरं." त्याने अगदी मोकळेपणाने दाखवलं. प्रश्नातला सगळ्यात लांबलचक शब्द धरायचा, तो उताऱ्यात शोधायचा, सापडला की ते वाक्य पूर्णविरामापर्यंत उतरवायचं. प्रश्नात 'व्हाय' असेल तर आधी 'बिकॉज' शोधायचा.

"पण काय लिहिलंयस ते कळलं का?"

"नाही मॅडम. पण बरोबर असतं."

त्या दिवशी स्टाफरूममध्ये मी फळ्यावर एक वाक्य लिहिलं: 'झॅबी टुक द मोलो टु द फिंकर बिकॉज इट वॉज ग्रूल.' खाली प्रश्न: 'व्हाय डिड झॅबी टेक द मोलो टु द फिंकर?' भूगोलाच्या सरांनी चहाचा कप हातात असतानाच उत्तर दिलं, 'बिकॉज इट वॉज ग्रूल.' पैकीच्या पैकी. मोलो म्हणजे काय, फिंकर माणूस की जागा, ग्रूल होणं चांगलं की वाईट, कुणालाच ठाऊक नाही. शब्द मीच पाच मिनिटांपूर्वी बनवले होते. सर हसले. मला हसू येईना. वर्षानुवर्षं मी 'आकलन' म्हणून ज्याला गुण देत होते त्यातलं किती या ग्रूलच्या जातीचं होतं, हा हिशेब मनात सुरू झाला होता.

उलट बाजूही होतीच. काही मुलांना उतारा कळला होता, पण इंग्रजीत पूर्ण वाक्य रचता येत नव्हतं. त्यांचे गुण स्पेलिंगला आणि काळाला कापले गेले होते. म्हणजे न कळलेल्याला गुण आणि कळलेल्याला शिक्षा. एका मैत्रिणीने सुचवलं की गाळलेल्या जागांची चाचणी घेऊ या, दर पाचवा शब्द काढून टाकायचा. ही पद्धत विल्सन टेलर यांनी 1953 मध्ये आणली आणि ती तपासायला सोपी आहे, हे खरं. पण ती करून बघितल्यावर अर्ध्या जागा 'द', 'ऑफ', 'टु' यांच्याच निघाल्या. व्याकरण आम्ही दारातून बाहेर घालवलं होतं, ते खिडकीतून आत आलं. शेवटी ठरलं की बहुपर्यायी प्रश्न ठेवायचे, आणि दोन-तीन ठिकाणी उत्तर मातृभाषेत लिहू द्यायचं. यावर स्टाफरूममध्ये बरंच वाजलं. इंग्रजीच्या पेपरात मातृभाषा? पण मला बघायचं होतं ते डोक्यात काय पोचलं ते. ते कुठल्या भाषेतून बाहेर येतंय याच्याशी या पेपराला देणंघेणं नव्हतं.

बहुपर्यायी प्रश्न काढणं सोपं वाटतं. बरोबर पर्याय लिहायला खरंच सोपा असतो. चुकीचे तीन पर्याय लिहिताना घाम फुटतो, कारण ते असे हवेत की अर्धवट कळलेलं मूल त्यांच्याकडे ओढलं जावं. माझे पहिले पर्याय मी एका शांत, हुशार मुलीच्या हातात दिले आणि उतारा न देताच म्हटलं, "सांग." उतारा ऑक्टोपसवर होता. तिने आठपैकी पाच बरोबर सांगितले. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात आणि त्याचं रक्त निळं असतं, हे तिला आधीच माहीत होतं. बरोबर आलेल्या बाकीच्यांपैकी दोन ठिकाणी तिने सगळ्यात लांब पर्याय निवडला होता. "बरोबर उत्तर नेहमी नीट समजावून लिहिलेलं असतं ना," ती म्हणाली. मी उत्तरसूची काढून बघितली. खरंच, बरोबर पर्याय जपून, अटी-शर्ती घालून लिहिलेले होते आणि चुकीचे उडवून लावलेले. शिवाय सगळ्या पेपरातल्या वीसपैकी नऊ उत्तरं 'क' होती. वीस वर्षांची सवय.

तेव्हापासून नियम केला: प्रत्येक प्रश्न आधी उताऱ्याशिवाय चार-पाच मुलांना द्यायचा. उतारा न वाचता निम्म्याहून जास्त मुलांना जमला, तर तो प्रश्न बाद.

ऑक्टोपसचा उतारा मात्र मी सोडला नाही, प्रश्न बदलला. उताऱ्यात एका ठिकाणी होतं की पोहताना त्याचं मुख्य हृदय थांबतं. त्याच्या बऱ्याच पुढे होतं की त्याला पोहण्यापेक्षा सरपटणं पसंत असतं. या दोन वाक्यांच्या मध्ये 'बिकॉज' कुठेच नव्हता. तो दुवा ज्याने स्वतः जोडला त्याला उत्तर आलं. 31 रेघांवाल्या मुलाने बराच वेळ 'बिकॉज' शोधला आणि मग मान वर करून माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच खेळाचे नियम मोडलेत.

आधीच्या माहितीचा हा प्रश्न तसा जुना आहे. रेख्त आणि लेस्ली यांनी 1988 मध्ये बेसबॉलवरचा उतारा 64 मुलांना दिला होता. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण खेळ न जाणणाऱ्या मुलांच्या पुढे गेली. त्यामुळे एकाच विषयाचा लांब उतारा देण्याऐवजी आम्ही चार छोटे घेतले: एक माहितीचा, एक गोष्टीचा, एक सूचनापत्रक, एक पत्र. एखाद्याला ऑक्टोपस पाठ असेल तर फायदा फार तर एका उताऱ्यापुरता.

आता ऐकण्याकडे. इथे तर मला काहीच येत नव्हतं.

पहिल्यांदा मी स्वतःच वर्गात उभी राहून वाचलं. तीन तुकड्या, तीन तास. तिसऱ्या तुकडीत पोचेपर्यंत मुलं कुठे अडतात ते मला कळलं होतं, आणि नकळत मी नेमक्या उत्तराच्या शब्दावर जोर देऊन, भुवया उंचावून वाचत होते. तिसरी तुकडी सगळ्यात हुशार निघाली, हे सांगायला नकोच. मग मोबाइलवर ध्वनिमुद्रण केलं. ते घरी ऐकलं आणि शब्द मोजले: मिनिटाला 105. साध्या इंग्रजी बोलण्याचा वेग मिनिटाला 150च्या आसपास असतो. मी वर्गात बोलते ती इंग्रजी जगात दुसरं कुणी बोलत नाही. प्रत्येक शब्द सुटा, इस्त्री केलेला.

शिवाय मी जे वाचत होते ते बोलणं नव्हतंच, लिखाण होतं. लांब वाक्यं, पोटवाक्यं, अडखळणं नाही, 'अं' नाही. म्हणून संहिता लिहायचं सोडून दिलं. दोन सहकाऱ्यांना फक्त प्रसंग सांगितला: एकीचं पुस्तक दुसरीकडे आहे, भेटायचा दिवस ठरवा, आणि एकदा बेत बदला. त्या बोलल्या तेव्हा आपोआप आलं, "लेट्स मीट ऑन ट्यूजडे... ओ नो, वेट, ट्यूजडेज नो गुड. थर्सडे?" प्रश्न होता, कुठल्या दिवशी भेटणार. वर्गातल्या निम्म्याअधिक मुलांनी मंगळवार लिहिला. पहिला ऐकू आलेला वार पकडायचा आणि पेन खाली ठेवायचं. मागची वाक्यं पुढच्या वाक्याने रद्द होऊ शकतात, हे धड्यातल्या संवादांत कधी घडतच नाही, तर मुलांना ते कळणार कुठून?

दुसरी चूक. मी तीन मिनिटांचं ध्वनिमुद्रण ऐकवायचे आणि मग प्रश्न वाटायचे. ती स्मरणशक्तीची परीक्षा झाली. माझीसुद्धा झाली असती. मग अर्ध्या-पाऊण मिनिटाचे तुकडे केले, प्रश्न आधी हातात दिले आणि ते वाचायला वेळ दिला. प्रश्नही छोटे केले, नाहीतर ऐकण्याच्या पेपरात वाचनात कच्चं असलेलं मूल प्रश्न वाचतानाच मागे पडतं. काही ठिकाणी पर्याय म्हणून चित्रं आणि घड्याळं काढली. माझी चित्रं बघून एका मुलाने विचारलं की ही बस आहे की फ्रिज. ती बस होती.

एकदा ऐकवायचं की दोनदा, यावर आमच्या तिघींत दोन दिवस घोळ चालला. आयल्ट्‌स या परदेशी शिक्षणासाठी द्यायच्या इंग्रजीच्या परीक्षेत ध्वनिमुद्रण एकदाच ऐकवतात. केंब्रिजच्या ए-टू आणि बी-वन, म्हणजे सुरुवातीच्या नि मधल्या पातळीच्या परीक्षांत दोनदा. मी एक प्रयोग केला. पहिल्या वेळी उत्तर पेन्सिलीने, दुसऱ्या वेळी पेनने, खोडरबर दप्तरात. पेपर तपासताना एका नजरेत दिसलं कोण कुठे बदललं ते. मधल्या मुलांनी दुसऱ्या वेळी चुका सुधारल्या होत्या. सगळ्यात कच्च्या मुलांनी मात्र बरोबर पेन्सिलीवर चुकीचं पेन फिरवलं होतं; दुसऱ्यांदा ऐकताना त्यांच्या कानावर आणखी चार शब्द पडले आणि त्यांनी त्यांना पार गोंधळवून टाकलं. आम्ही दोनदाच ठेवलं. आपल्याला कुणाला पाडायचं नव्हतं, कुठे अडतं ते बघायचं होतं.

बाकी मग स्पीकर. शेवटच्या बाकावर जाऊन स्वतः ऐकल्याशिवाय ऐकण्याची चाचणी घेऊ नये. मी समोर उभी राहून 'छान ऐकू येतंय' म्हणत होते. मागे बसल्यावर कळलं की तिथे पंखा इंग्रजी बोलतोय. 'फोर फिफ्टीन' आणि 'फोर फिफ्टी' यातला फरक शेवटच्या 'न'वर आणि आघातावर असतो, आणि तो 'न' पंख्याने खाल्ला होता. स्पीकर मधल्या ओळीत आणला, पंखे बंद केले, तासाची घंटा कधी होते ते बघून सुरुवात केली.

दुसरी कच्ची चाचणी त्याच 38 मुलांवर, नव्या उताऱ्यांनी. निकाल लावल्यावर पहिल्यांदाच मी प्रत्येक प्रश्नाची झडती घेतली. ट्रुमन केली यांनी 1939 मध्ये सांगितल्यापासून वरचे 27 टक्के आणि खालचे 27 टक्के यांची तुलना करायची पद्धत आहे. 38 मुलांत म्हणजे वरची दहा आणि खालची दहा. चांगल्या प्रश्नात वरच्या गटाला जास्त उत्तरं यायला हवीत. प्रश्न 14 मध्ये वरच्या दहांतल्या तिघांना आणि खालच्या दहांतल्या सहांना आलं होतं. उलटी गंगा.

उतारा माझाच होता. पाऊस येतो, मुलगा भिजून घरी येतो, आजी खिडकीकडे बघते. आजी आता काय करेल? माझ्या सूचीप्रमाणे उत्तर: वाळत घातलेले कपडे आत आणेल. मी वरच्या गटातल्या एकाला विचारलं, "तू 'मुलाला टॉवेल देईल' का लिहिलंस?" त्याने पहिल्या परिच्छेदावर बोट ठेवलं. 'शी हॅड टेकन द क्लोद्स इन.' कपडे सकाळीच आत आणले होते. मीच लिहिलं होतं आणि मीच विसरले होते. ज्यांनी तो 'हॅड' वाचला त्यांना मी चूक दिली होती. ज्यांनी पाऊस आणि कपडे एवढंच पकडलं त्यांना बरोबर. या एका हिशेबाने मला जितकं नम्र केलं तितकं कुठल्याही तपासणीने केलं नसेल. यापूर्वीच्या वीस वर्षांत असे किती 'हॅड' मी कापले असतील, याचा विचार मी हल्ली करत नाही.

आणखी एक साधी गोष्ट. चार पर्यायांचे वीस प्रश्न डोळे मिटून सोडवले तर सरासरी पाच येतात. त्यामुळे वीसपैकी सहा म्हणजे 'तीस टक्के कळलं' असं नसतं. जवळजवळ काहीच कळलं नाही, असाही त्याचा अर्थ होऊ शकतो. पाच-सहा गुण मिळालेल्या सगळ्यांना मी एकेकटं बसवून बोलले, आणि खरी चाचणी तिथेच झाली म्हणा ना.

शेवटी तिन्ही तुकड्यांची खरी चाचणी झाली: वाचनाचे 20, ऐकण्याचे 20. त्यातल्या दोन मुलांबद्दल सांगते.

एक मुलगी, वाचनात 18, ऐकण्यात 8. आधी वाटलं कान तपासायला सांगावेत. तिला जवळ बसवून, हेडफोन लावून तेच ध्वनिमुद्रण परत ऐकवलं. तिला आवाज स्पष्ट येत होता, शब्द येत नव्हते. एका ठिकाणी तिने थांबवलं. "हा कुठला शब्द?" मी कागदावर लिहिला: कम्फर्टेबल. ती कागदाकडे बघत राहिली. "हा मला येतो. पण हा असा ऐकू येतो?" ध्वनिमुद्रणात तो 'कम्फ्टबल' असा, जेमतेम तीन ठोक्यांत संपला होता. तिच्या डोक्यात तो कायम चार अक्षरी, स्वच्छ 'कम्-फर्-टे-बल' होता. 'डिड यू'चा 'डिजू' झाला की ती हरवायची. 'कॅन' वाक्यात दबून 'क्न' झाला की तो तिच्यापुरता नव्हताच. तिने इंग्रजी डोळ्यांनी शिकलं होतं. पुस्तकं भरपूर वाचलेली, ऐकायला फक्त आमच्यासारख्या शिक्षिका, मिनिटाला 105 शब्दांवाल्या.

दुसरा मुलगा, वाचनात 9, ऐकण्यात 17. हा तासन्‌तास इंग्रजी समालोचनाचे गेमचे व्हिडिओ बघतो. हे त्याने मला गुन्हा कबूल केल्यासारखं सांगितलं. त्याला चुकलेला एक उतारा मी नुसता वाचून दाखवला, साध्या वेगाने, आणि तेच प्रश्न तोंडी विचारले. पटापट सांगितली उत्तरं. मग त्यालाच मोठ्याने वाचायला लावलं. 'थरो' म्हणायचं तिथे 'थ्रू', 'क्वाएट'च्या जागी 'क्वाइट'. ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरलेला. अर्थ त्याच्यापाशी होता, अक्षरांतून त्याच्यापर्यंत जायची वाट खाचखळग्यांची होती. गफ आणि टनमर यांनी 1986 मध्ये वाचनाचं एक साधं समीकरण मांडलं: अक्षरं उलगडणं गुणिले भाषा समजणं. गुणिले, अधिक नाही. एक बाजू शून्याकडे गेली की दुसरी कितीही मोठी असो, गुणाकार कोसळतो. हे मी शिक्षकांच्या प्रशिक्षणात ऐकलं होतं, वहीत उतरवलंही होतं. कळलं त्या दुपारी, तो मुलगा 'थरो'पाशी तिसऱ्यांदा अडला तेव्हा.

तिला ऐकण्याचे तुकडे घरी द्यायचे, सोबत संहिता, आधी ऐकायचं मग बघायचं; त्याला रोज दहा मिनिटं जोडीने मोठ्याने वाचन, तेही त्याच्या गेमच्या माहितीतलं. असं ठरवून मी गुण रजिस्टरात चढवायला बसले. रकाना एकच होता. 'इंग्रजी, 40 पैकी.' तिचे 18 आणि 8. त्याचे 9 आणि 17. दोघांनाही 26, दोघंही एकाच क्रमांकावर, एकाखाली एक.

मी 26 लिहिलं आणि शेजारी पेन्सिलीने बारीक अक्षरांत 18/8 आणि 9/17. मग सगळ्याच मुलांच्या नावांसमोर तसं केलं; उठायला संध्याकाळ झाली. दुसऱ्या दिवशी ऑफिसमधून रजिस्टर परत आलं, वर चिठ्ठी चिकटवलेली: 'मॅडम, हे अपूर्णांक कसले? खोडून द्यावेत.'